पोटाला पडलेली खिडकी

६ जून १८२२. अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर कातडीच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सी सेंट मार्टिन नावाचा तरणाबांड गडी पोटात छर्रे घुसून कोसळला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँटने त्याला वाचवलं, पण जठराला पडलेलं भोक काही बुजलं नाही. डॉक्टरला त्यात संधी दिसली. मांसाचा नाहीतर कोबीचा तुकडा रेशमी दोऱ्याला बांधायचा, भोकातून आत सोडायचा, थोड्या वेळाने ओढून किती विरघळला ते बघायचं. वर्षानुवर्षं हे चाललं. गडी वैतागायचा (कोण नाही वैतागणार?) आणि तो संतापला की पचन बिघडतं, हेही बोमाँटने टिपलं. १८३३ साली त्याने ते सगळं पुस्तकात छापलं.

परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणाऱ्या पोरांना मनामुळे पोट बिघडण्यात नवं काही नाही. उलट्या दिशेची वाहतूक मात्र आपल्या गावी नसते. पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू खालून वर निरोप नेतात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिनही आतड्यातच तयार होतं. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. 'आनंदाचं रसायन पोटात' म्हणत महागड्या पावडरी खपवणारे नेमकं हेच गाळतात.

खरी पंचाईत दवाखान्यात होते. आयबीएसच्या, म्हणजे सतत कळा, गुबारा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असा त्रास असलेल्या रुग्णाला पोटाचे डॉक्टर कधीकधी नैराश्यावरची गोळी अगदी कमी मात्रेत देतात. नसांची ठणक तिने कमी होते. चिठ्ठी केमिस्टकडे गेली, गोळी कशाची ते कळलं, की घरात स्फोट: "मला काय वेड लागलंय?" गोळी कचऱ्यात, कळा तशाच. रोज सकाळी 'पोट साफ झालं का' हे चारचौघांत विचारणाऱ्या आपल्याला मनाचं औषध घेताना मात्र लाज वाटते, हे मला अजब वाटतं.

आहाराचं म्हणाल तर पोटाला मदत करणारे आतड्यातले जंतू जगतात कोंड्यावर, सालींवर, डाळी-कडधान्यांवर. ज्वारीची आंबील त्यांना चालेल. फक्त ताक शिजवताना ओतू नका, त्यातले जिवाणू मरतात. आंबील कोमट झाली की घाला, वरून ठेचलेला लसूण.