चुकलेल्या अर्जालाही उत्तर हवे

नोकरीचा अर्ज आता कागदावर राहिलेला नाही. रेल्वे असो, डाक खाते असो की एखादी लहानशी खाजगी पेढी असो, अर्ज मोबाईलवरून जातो; कुठे संकेतस्थळावर भरायचा असतो, कुठे ई-मेलने पाठवायचा असतो. पूर्वी कामगार वस्तीतला मुलगा अर्ज लिहायला मास्तरांकडे किंवा चाळीतल्या एखाद्या कारकुनाकडे जात असे. तो कागद दोन-चार जाणत्यांच्या हातून जाई, चूक असली तर तिथेच सुधारली जाई, मग पोस्टल ऑर्डर जोडून रजिस्टरने पाठवला जाई. आता बोट दाबले की अर्ज गेला. त्यावर दुसऱ्या कोणाची नजर पडत नाही.

असे अर्ज कसे असतात हे आमच्या शाखांच्या पदाधिकाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. कामगारांच्या पतपेढीत किंवा उपाहारगृहात एखादी जागा निघाली की ई-मेल येऊ लागतात. विषयाची ओळ कोरी असते. कोणत्या पदासाठी अर्ज आहे याचा पत्ता नसतो. 'सर, मला जॉबची खूप गरज आहे, कोणतेही काम करीन,' एवढाच मजकूर. बायोडाटा जोडला आहे असे लिहिलेले असते, प्रत्यक्षात जोडलेले काहीच नसते. कोणी गुणपत्रिकेचा आडवा, अर्धा कापलेला फोटो पाठवतो. कोणी तयार इंग्रजी नमुना उतरवून घेतो आणि त्यात मूळ अर्जदाराचेच नाव राहून जाते.

अशा अर्जाचे पुढे काय होते? एक तर तो कार्यालयातल्या मंडळींत मोबाईलवरून फिरतो आणि चहाबरोबर त्यावर हसणे होते. नाही तर तो न बोलता पुसला जातो. पाठवणारा मुलगा मात्र महिनाभर रोज मोबाईल उघडून पाहत राहतो. या दोन्ही प्रकारांबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. अर्ज चुकला म्हणजे माणूस चुकीचा ठरत नाही. ज्याच्या हाती अर्ज पडला त्याने उत्तर दिलेच पाहिजे, आणि उत्तरात काय चुकले ते सांगितले पाहिजे.

अर्ज वाईट का लिहिला जातो याचा विचार करा. इटारसी, सिकंदराबाद, हुबळी येथे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी कामगाराचा मुलगा घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदी, तेलुगू किंवा कन्नड शिकतो आणि अर्ज इंग्रजीत लिहितो. अर्ज कसा लिहावा हे त्याला कोणी शिकवलेले नसते. म्हणून तो नेट कॅफेत जातो आणि पैसे देऊन अर्ज भरून घेतो. कॅफेवाला घाईत स्वतःचाच ई-मेल पत्ता टाकतो. पुढे उत्तर आलेच तर ते कॅफेवाल्याकडे जाते आणि उमेदवार अंधारात राहतो. यात मुलाच्या अंगच्या कुवतीचा प्रश्न येतो कुठे?

रेल्वे भरतीचे उदाहरण फार बोलके आहे. २०१९ साली रेल्वेने लेव्हल १ च्या, म्हणजे जुन्या भाषेत ग्रुप डी च्या, १ लाख ३ हजार ७६९ जागांची जाहिरात काढली. पात्रता दहावी किंवा आय.टी.आय. अर्ज १ कोटी १५ लाखांवर आले. त्यातले सुमारे ४ लाख ८५ हजार अर्ज फोटो किंवा सही नियमाप्रमाणे नाही या कारणावरून बाद झाले. सही मोठ्या सुट्या अक्षरांत केलेली चालत नाही, फोटो अस्पष्ट चालत नाही, असे ते नियम. ज्याला पुढे उन्हापावसात रुळांची देखभाल करायची आहे, त्याची सही वळणदार नाही म्हणून तो दाराबाहेर राहिला. उमेदवारांची निवेदने आल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये प्रशासनाने फोटो आणि सही पुन्हा देण्याची एक संधी दिली. ती दिली हे योग्यच झाले. पण अर्ज केल्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ गेला होता. तरुण माणसाच्या आयुष्यातली अडीच वर्षे ही लहान गोष्ट नाही. पहिल्याच महिन्यात 'तुमची सही चालत नाही, पुन्हा पाठवा' एवढी एक ओळ गेली असती तर हे टळले असते.

डाक खात्यात ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते आणि अर्ज ऑनलाईनच करावा लागतो. लेखी परीक्षा नाही. म्हणजे अर्ज हीच परीक्षा झाली. तिथे एक आकडा चुकीचा पडला तर काय होते, हे आमच्या डाक बांधवांना सांगायला नको.

आपल्या दोन्ही खात्यांनी चुकीशी कसे वागावे हे देशाला शिकवले आहे. अर्धवट पत्त्याचे पाकीट आर.एम.एस.चा सॉर्टर कचऱ्यात टाकत नसे. धावत्या गाडीत हेलकावे खात तो अक्षर लावी, गाव ओळखी. पत्ता लागलाच नाही तर पत्र आर.एल.ओ.कडे जाई आणि तिथे पाठवणाऱ्याचा शोध घेतला जाई. एकाच नावाची अनेक गावे, नाना भाषांतले पत्ते, न लागणारे हस्ताक्षर, या अडचणींवर डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकडी पिनकोडची योजना दिली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. लोकांना पत्ते नीट लिहिता येत नाहीत म्हणून खात्याने पत्रे घेणे बंद केले नाही. खात्याने आपली पद्धत सुधारली. रेल्वेतही तेच. तपासणीत वाघिणीत दोष आढळला तर तिला 'सिक' ठरवून सिक लाईनला घेतात, दोष काय तो लिहितात, दुरुस्त करतात आणि पुन्हा गाडीला जोडतात. पहिल्या दोषाला कोणी वाघीण भंगारात काढत नाही. लोखंडाच्या वाघिणीला मिळतो तो न्याय कामगाराच्या पोराला का मिळू नये?

हे मागणे कायद्याला नवे नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात अर्जदाराला लिहिता येत नसेल तर त्याचे तोंडी म्हणणे लेखी स्वरूपात आणायला माहिती अधिकाऱ्याने मदत करावी, असे कलम ६ सांगते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवून अर्जदाराला कळवावे, असेही त्यात आहे. माहिती मागणाऱ्याला जी मदत मिळते, ती काम मागणाऱ्याला नाकारण्याचे कारण काय?

हजारो अर्ज येतात, प्रत्येकाला उत्तर कोण देणार, असा प्रश्न केला जाईल. जे यंत्र लाखो अर्ज बाद करू शकते ते बाद करण्याचे नेमके कारणही लाखोंना कळवू शकते. दुसरा आक्षेप असा की अर्जावरूनच माणसाची पारख होते. कारकुनाची जागा असेल तर लेखन जरूर तपासा आणि त्यात उणे पडला तर तसे त्याला सांगा. पण हातोडा, पाना, टपालाची थैली ज्याच्या हाती द्यायची, त्याची पारख इंग्रजी ई-मेलवरून होत नाही.

खरी कार्यालये गप्प बसतात तेव्हा भामटे उत्तर देतात, हा यातला सर्वांत मोठा धोका आहे. २०२२ साली तामिळनाडूतल्या २८ तरुणांना रेल्वेत नोकरी देतो म्हणून फसवले गेले. प्रशिक्षण म्हणून त्यांना नवी दिल्ली स्थानकात महिनाभर, रोज आठ तास, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला लावले. त्यांच्याकडून २ कोटी ६७ लाख रुपये उकळल्याचे उघड झाले. भामट्याचे पत्र गोड असते, त्यावर शिक्का असतो, 'श्रीयुत' असते. ज्याला कधीच कोणी उत्तर दिले नाही, त्याला ते पत्र खरे वाटले तर नवल नाही.

तेव्हा आमची प्रशासनाकडे मागणी आहे की प्रत्येक भरतीत छाननीनंतर त्रुटी उमेदवाराला कळवावी आणि ती दुरुस्त करण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी. आज अशी संधी कधी मिळते, कधी मिळत नाही. ती नियम म्हणून मिळाली पाहिजे.

मात्र साथींनो, मागणी करणाऱ्याने आधी आपले अंगण झाडावे. आपल्या पतपेढ्या, उपाहारगृहे आणि शाखा कार्यालये यांनी आलेल्या प्रत्येक अर्जाला उत्तर द्यावे. उत्तराला पांडित्य लागत नाही. 'तुमचा अर्ज मिळाला. त्यात पदाचे नाव नाही आणि गुणपत्रिका जोडलेली नाही. या दोन गोष्टी पुढील सोमवारपर्यंत पाठवा. या भरतीसाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.' एवढी चार वाक्ये पुरेत. जागा भरली असेल तर तसे स्पष्ट लिहावे. खोटी आशा दाखवू नये. आणि कोणाचाही अर्ज हसण्यासाठी मोबाईलवर फिरवू नये. तो अर्ज आपल्याच एखाद्या गँगमनच्या किंवा पोस्टमनच्या घरातून आलेला असतो.

प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ अर्जासाठी राखून ठेवावी. निवृत्त कारकून, पोस्टमास्तर, कल्याण निरीक्षक यांनी तिथे बसावे. मुलांनी अर्ज पाठवण्याआधी तो तिथे दाखवावा. विषयाच्या ओळीत पद आणि जाहिरात क्रमांक आहे का, ई-मेल पत्ता आणि मोबाईल क्रमांक स्वतःचा आहे का, जोडायचे ते खरोखर जोडले आहे का, एवढे पाहिले तरी निम्म्या चुका दारातच थांबतील. मराठीत लिहिलेला साधा, सरळ अर्ज चालत असेल तिथे मराठीतच लिहावा. रेल्वे भरतीची परीक्षासुद्धा आज मराठीतून देता येते. मग अर्जाच्या मराठीची लाज कशाला?

नोकऱ्या कमी आहेत, मागणारे पुष्कळ आहेत. सर्वांना काम मिळवून देणे एका शाखेच्या हातात नाही. पण काम मागायला आलेल्याला उत्तर न देता परत पाठवायचे नाही, हे आपल्या हातात आहे. शाखांनी येत्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि अर्जासाठी राखलेल्या संध्याकाळचा वार व वेळ फलकावर लावावी, असे आमचे सांगणे आहे.