आधीं झाडू, मग कीर्तन

आमच्या नागपुरांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मारबतींची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ सालापासूनची व पिवळीची १८८५ पासूनची समजली जाते. त्यांच्यासंगें बडगे निघतात. महागाई, लांचलुचपत, रोगराई, जें जें त्या वर्षीं लोकांस जाचलें असेल त्याचा पुतळा करून मिरवावयाचा आणि शेवटीं जाळून टाकावयाचा, असा हा रिवाज. वर्तमानपत्र वाचतां न येणाऱ्या माणसालाहि त्या दिवशीं वर्षाचा जमाखर्च कळतो. नागपूरकर म्हणून मला ह्या उत्सवाचा अभिमान वाटतो.

परंतु एका वर्षीं मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीं माझ्या वर्गांतील एक मुलगी दोन तास उशिरां आली. तिची आई रस्ते झाडण्याच्या कामावर होती. केर इतका पडला होता कीं ती वेळेवर घरीं परतली नाहीं, आणि धाकट्या भावाला सांभाळावयास दुसरें कोणी नव्हतें. कारण विचारण्यापूर्वींच मी तिला रागें भरलों, हें येथें कबूल करितों. बडगा जाळला कीं पीडा गेली असें मानणारे आम्ही, आमच्या हातून पडलेली पीडा मात्र दुसऱ्याच्या झाडूवर सोंपवितों.

उत्सव हे करमणुकीसाठीं असतात, त्यांच्या माथीं समाजसुधारणेचें ओझें कशाला, असें कांहीं पालक म्हणतात. त्यांस मी वऱ्हाडांतील दोन माणसें दाखवितों.

पहिले गाडगेमहाराज. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेणगांवीं परटाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, एका हातांत मडकें, दुसऱ्यांत झाडू. गांवांत शिरले कीं कोणाशीं न बोलतां ते रस्ते व गटारें साफ करूं लागत. थोड्या वेळानें गांवकरीच लाजून झाडू हातीं घेत. कीर्तन व्हावयाचें तें रात्रीं. त्यांत पांडित्य नव्हतें. साध्या वऱ्हाडी बोलींत ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत व उत्तरें त्यांच्याच तोंडून काढीत. कर्ज काढून सण करूं नका, दारू सोडा, देवापुढें बकरें मारूं नका, शिवाशीव पाळूं नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलांस शिकवा. हेंच सुशिक्षित व्याख्यात्यानें सांगितलें असतें तर लोक जांभया देत उठले असते. बाबांचें ऐकलें, कारण दिवसा ह्याच माणसानें आपल्या दारची घाण काढली हें सर्वांनीं पाहिलेलें असे. लोकांनीं दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक अशा क्षेत्रांत धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५६ सालीं ते निवर्तले. पुढें २०००-०१ मध्यें सरकारनें ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचें नांव दिलें व स्वच्छ गांवांस बक्षिसें ठेवलीं. बाबांच्या पदरीं बक्षीस द्यावयास कांहीं नव्हतें, आणि तरीहि गांवें झाडलीं जात.

दुसरे तुकडोजीमहाराज. त्यांच्या हातीं खंजिरी. १९३५ सालीं त्यांनीं मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९४२ च्या चळवळींत त्यांच्या भजनांनीं चिमूरकडील लोक इतके पेटले कीं सरकारनें त्यांस पकडून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेविलें. खंजिरीला सरकार भ्यालें, ह्याहून गाण्याच्या सामर्थ्याचा दाखला कोणता हवा? त्यांच्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय गांव कसें सुधारावें ह्याच चिंतेनें भरले आहेत. २००५ पासून आमच्या विद्यापीठास त्यांचें नांव आहे.

आतां आमच्या मिरवणुकी पाहा. भजनी मंडळाच्या जागीं भाड्यानें आणलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या. टाळ वाजविणाऱ्याला गाणें ठाऊक असावें लागे. बटण दाबणाऱ्याला तें कशाला? रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ध्वनिक्षेपकास मनाई करणारे नियम २००० सालचे आहेत. आजारी माणसाच्या खिडकीखालीं ते कोणास आठवत नाहींत. फुटाळा, सक्करदरा, गांधीसागर ह्या तलावांत वर्षानुवर्षें गणेशमूर्ति शिरविल्या गेल्या. शाडूची मूर्ति पाण्यांत विरघळते; प्लॅस्टरची दीर्घकाळ तशीच राहते व तिचे रंग पाण्यांत उतरतात. महानगरपालिका कृत्रिम हौद ठेवूं लागल्यापासून तलावांचें ओझें हलकें झालें खरें, तथापि हौदांतला गाळहि कोणा मजुरालाच उपसावा लागतो. चितार ओळींतील मूर्तिकारांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. आम्ही मोठी व स्वस्त मूर्ति मागतों, ते देतात.

दुसऱ्यांच्या सणांविषयीं लिहिणें ख्रिस्ती शिक्षकाला सोपें असतें, म्हणून आपल्या अंगणाकडे वळतों. नाताळांत आपण घरोघर गीतें गात फिरतों, आणि स्नेहसंमेलनानंतर आपल्या मैदानावर चहाचे कागदी पेले पडलेले असतात, ते शिपाई उचलतात. रेव्ह. नारायण वामन टिळकांनीं कीर्तन आपल्या मंडळींत रुजविलें. गाडगेबाबांचा झाडू मात्र आणावयाचा राहिला.

येत्या संमेलनाच्या दिवशीं गायकवृंदानें तालमीपूर्वीं तासभर मैदान झाडावें, व कार्यक्रम संपल्यावर पुन्हां तेंच करावें, असें मी सुचविलें आहे. मुलांना शाळेंत झाडू मारावयास पाठविलेलें नाहीं, असा निरोप कांहीं पालकांनीं धाडला. त्यांस मी नम्रपणें विचारतों, मग कोणाच्या मुलांना त्यासाठीं पाठविलें आहे? झाडू मी आणीन. नांवें माझ्याकडे द्यावींत. यादींत पहिलें नांव माझें घातलें आहे.