पडद्यावरचा डोळा

माजिवड्यात एखाद्या रात्री वीज जाते. मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर सावली हलते आणि ओळखीच्या घरातही मूल आईला बिलगते. न दिसणाऱ्याचेच भय मोठे! हल्लीच्या कित्येक भयपटांत आरंभीच सारे दाखवण्याची घाई असते. तेथे प्रेक्षक दचकतो खरा, पण भीत नाही.

व्ही. शांताराम यांनी हे मर्म अचूक जाणले होते. 'प्रभात'ने १९३४ साली पुण्यात काढलेला त्यांचा 'अमृतमंथन' हा बोलपट राजगुरूच्या एका डोळ्याने सुरू होतो. दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगातून टिपलेला तो डोळा सारा पडदा व्यापतो. बळीची प्रथा बंद करणाऱ्या राजाच्या जिवावर हा राजगुरू उठला आहे. मुद्रा झाकलेली, भोवती अंधार. त्या डोळ्यामागील हेतू ताडता ताडता प्रेक्षकाचा श्वास अडकतो.