विश्लेषण : संबळाचा ठेका संगणकात गेला, तर हक्क कुणाचा?

रेणापूरला रेणुकादेवीचे मंदिर आहे आणि देवीचा गोंधळ म्हटला की संबळ-तुणतुणे आलेच. आता असा ठेका मोबाइलवर टिपून, संगणकात त्याचे तुकडे करून डीजेच्या गाण्यात सहज बसवता येतो. त्यावर लोक नाचतात, पण संबळ कुणी वाजवला हे कुणाला ठाऊक नसते.

वाद्यांची सरमिसळ वाईट आहे का?

मुळीच नाही. १९६९ मध्ये कार्लोस सँताना यांच्या पहिल्या अल्बमने इलेक्ट्रिक गिटारला काँगा या लॅटिन अमेरिकी तालवाद्याची जोड दिली आणि लॅटिन रॉक जगभर पोहोचले. २००७ च्या ‘ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट’मध्ये मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन, ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचे ड्रमवादक मिकी हार्ट, पोर्तो रिकोचे काँगावादक जिओवानी हिदाल्गो आणि नायजेरियाचे सिकिरू अदेपोजू एकत्र आले. त्यांच्या तालवाद्यांवर इलेक्ट्रॉनिक संस्कारही झाले. २००९ मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळाला.

मग फरक कुठे?

तो अल्बम चौघांच्या नावाने निघाला. तबला असो वा काँगा, वाजवणारा बरोबरीचा भागीदार होता. उचललेल्या ठेक्यात वादक भागीदार नसतो, तो फक्त कच्चा माल ठरतो.

कायदा काय सांगतो?

परंपरेने चालत आलेल्या ठेक्यावर कुणा एकाची मालकी नसते. पण तो प्रत्यक्ष वाजवणाऱ्याच्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कलाकारांना हा हक्क दिला आणि त्याची मुदत पुढे ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरासाठी मानधनाचा वाटा आणि काही अपवाद वगळता नामोल्लेखाचा हक्कही दिला. संमतीशिवाय केलेले ध्वनिमुद्रण व्यवसायासाठी वापरणे हे या हक्काचे उल्लंघन ठरू शकते.

काय करायला हवे?

कायदा आहे, पण गोंधळ्याच्या हातात कागद नाही. ध्वनिमुद्रणापूर्वी एका पानाचा मराठी करार पुरेसा आहे : वादकाचे नाव, मानधन आणि ध्वनिमुद्रण कुठे वापरणार. गाणे प्रसिद्ध करणाऱ्यांनी श्रेयनामावलीत संबळवादकाचे नाव लिहावे. त्याला खर्च काहीच नाही.

संबळ संगणकात जरूर जावा. वाजवणारा मात्र दाराबाहेर राहू नये.