संगणक सोडून पाना हाती घेताना



मृगाच्या तोंडावर आमच्या बाभुळगावच्या कचेरीत बी-बियाण्यांची विचारपूस करणाऱ्यांची गर्दी असते. त्या गर्दीत यंदा एक बाप आपल्या लेकाला घेऊन आला. लेक बत्तीस वर्षांचा. पुण्याच्या एका कचेरीतले संगणक आणि त्यांची जोडणी सांभाळण्याची नोकरी त्याने नऊ वर्षे केलेली. आता तो म्हणत होता, नोकरी सोडतो आणि ट्रॅक्टर-मोटारसायकल दुरुस्तीचे काम शिकतो. बाप हात जोडून म्हणाला, "साहेब, याले तुम्हीच समजावा. एवढं शिकवलं, ते काय हात काळे करायले?"

मला लगेच काही बोलवेना. हा मुलगा दहावी झाला तेव्हा मी याच तालुक्यात होतो आणि याच बापाने त्याला माझ्याकडे आणले होते. तेव्हा मुलगा मोटार मेकॅनिकचा आय.टी.आय. करायचे म्हणत होता. मीच त्याला म्हणालो, "अरे, संगणकाचे दिवस आले. पाने-पकडी कशाला?" टेबलामागे बसलेल्या बी.एस्सी. झालेल्या माणसाचा शब्द त्या घराने मानला. तो सल्ला अगदीच वाया गेला असे नाही. त्या पगारातून बहिणीचे शिक्षण झाले, विहिरीवर मोटर बसली. पण सल्ला देताना मी मुलाचा कल विचारला नव्हता, एवढे खरे. म्हणून या वेळी मी दोघांना चहा पाजला आणि आधी ऐकून घेतले. नंतर जे बोललो ते आज तुमच्यासाठी लिहितो. असा मुलगा उद्या तुमच्याही घरी येऊ शकतो.

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, असे आपण म्हणतो. मुलीसाठी स्थळ पाहताना मात्र ही म्हण उलटी वाचतो. खुर्चीवरची नोकरी सोडणारा म्हणजे नापास झालेला, असा आपला समज. त्या बापाला मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावच्या सायकलींच्या दुकानात आले. किर्लोस्कर बंधूंचे हे दुकान १८८८ सालचे. सायकली विकायच्या आणि दुरुस्तही करायच्या. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र काढले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष पसरते, या समजापायी शेतकरी तो नांगर घेईनात. पण धंदा टिकला, आणि १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. प्रत्येक गॅरेजवाल्याचा कारखाना होईल, असे मी म्हणत नाही. मास्तरकी सोडून सायकलीला हात लावणारा माणूस बिघडलेला नसतो, एवढेच सांगायचे आहे.

आता मुलाकडे वळू. नऊ वर्षांचे शिक्षण फुकट गेले काय? नाही. संगणक बंद पडला की हा मुलगा काय करीत होता? आधी वीज पाहायची, मग तार, मग यंत्र. एकेक कारण बाजूला काढत खऱ्या दोषापर्यंत पोचायचे. इंजिनाचेही तेच आहे. टाकी कोरडी पडून ट्रॅक्टर वावरात थांबला, नंतर डिझेल भरले तरी सुरू होत नाही. बरेच जण बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारीत बसतात. खरे कारण डिझेलच्या नळीत शिरलेली हवा असते. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा. ज्याला क्रमाने शोधायची सवय आहे, त्याला हे लवकर उमजते.

शिवाय गाड्याही बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या मोटारी आणि मोटारसायकली बी.एस.-६ नियमाने विकल्या जातात. साध्या मोटारसायकलीतसुद्धा कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली. किती पेट्रोल सोडायचे ते एक लहानसा संगणक ठरवतो आणि बिघाडाची नोंदही ठेवतो. ती नोंद स्कॅनर लावून वाचता येते. पण स्कॅनर जे नाव दाखवील तो भाग बदलून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. सेन्सर खराब दिसतो आणि प्रत्यक्षात गोठ्यात उभ्या गाडीची तार उंदराने कुरतडलेली असते. मल्टीमीटर लावून तार तपासणारा माणूस गिऱ्हाइकाचे पैसे वाचवतो. इथे या मुलाची नऊ वर्षे कामाला येतील.

पण जे त्याच्याकडे नव्हते तेही मी त्याला स्पष्ट सांगितले. गंजलेला बोल्ट न मोडता कसा सोडवायचा, तो कुठवर आवळायचा, टॅपेटचा आवाज कोणता आणि बेअरिंगचा कोणता, हे पुस्तकातून येत नाही. हाताला आणि कानाला ते वर्षांनी येते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचे नाही, आधी स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावायचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह तार काढायची. या गोष्टी पहिल्याच दिवशी शिकायच्या, कारण इथली चूक अंगावर येते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की राजीनामा देण्यापूर्वी एक महिना रजा घे आणि कोणाच्या तरी गॅरेजात झाडू मारण्यापासून राब. कंबर दुखेल, बोटे सोलतील, तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरगा तुला पाना आणायला पाठवील. महिन्याअखेरी मन तेच म्हणत असेल, तर पुढे हो. दुसरा सल्ला रीतसर शिक्षणाचा. आय.टी.आय.ला वयाची खालची अट चौदा वर्षांची आहे, वरची नाही. दहावी पास असल्यास मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिकचा एकेक वर्षाचा.

तिसरा सल्ला पैशाचा, आणि तो घरातल्या माउलीनेही ऐकावा. नोकरी सोडण्याआधी वर्षभराचा घरखर्च वेगळा ठेवा. घराचे हप्ते चालू असतील तर ते फिटेपर्यंत थांबा. बाभुळगावसारख्या गावी गॅरेजला खरी गर्दी पेरणीच्या वेळी आणि गिऱ्हाइकाच्या हाती पैसा कापूस विकल्यावर. मधले चार-पाच महिने "कापूस निघाल्यावर देतो" हेच ऐकू येते. यवतमाळहून आणलेले सुटे भाग रोखीने घ्यायचे आणि उधारीने बसवायचे, यात कितीक चांगली गॅरेजे बुडतात. तेव्हा नियम एकच ठेवा, सुट्या भागांचे पैसे आधी, मजुरी थांबली तरी चालेल. उधारी वहीत लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. अवजारांसाठी २०१५ साली सुरू झालेली मुद्रा योजना आहे. तिच्यात बिनतारण ५० हजारांपर्यंतचे शिशू आणि ५ लाखांपर्यंतचे किशोर कर्ज आहे. पण कर्ज काढायचे ते हात बसल्यावर. फलक रंगवायला कर्ज काढू नका.

मुलाने रजा काढून महिनाभर यवतमाळच्या एका गॅरेजात काम केले. पोळ्यानंतर राजीनामा दिला आणि आता तिथेच शिकतो आहे. मिळते ते पुण्याच्या पगाराच्या मानाने फारच थोडे. स्वतःचे गॅरेज काढायला त्याला दोन वर्षे तरी लागतील. जमेल की नाही, हे आज मीही सांगू शकत नाही.

परवा बाप भेटला. घरी कापसाची वेचणी चालू आहे. म्हणाला, "पोरगं रोज साबणानं हात धुते साहेब, पण नखातलं काळं काही जात नाही. पाहुणे आले का म्या सांगतो, सुट्टीवर आला हाय."

मी म्हणालो, "भाऊ, कापूस वेचून वेचून वहिनीच्या बोटाले चिरा पडल्या. त्या कधी पाहुण्यापासून लपवल्या काय?"

तो काही बोलला नाही. पण जाताना, रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समधून तेल गळते, ते पोराला दाखवावे काय, असे विचारून गेला. मी म्हणालो, जरूर दाखवा. आणि त्याने केले तर मजुरी द्या.