व्ययातला मंगळ

माझ्या आतेबहिणीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा मी आठवीत होते. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, गुरुजींच्या पुढ्यात तिची पत्रिका, कोपऱ्यांना हळद लावलेला जुना कागद. त्यांनी बाराव्या घरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मंगळ व्ययात आहे. मुलगी तोंडाने बोलायची नाही, सगळं आत ठेवील. राग आला तरी कुणाला कळायचा नाही." आत्याने पदराला हात पुसत मान डोलावली, कारण ताई खरंच कमी बोलायची. त्या दिवसापासून घरात तिच्या गप्प बसण्याला कारण मिळालं. ती गप्प राहिली की "तिचा मंगळच तसा", आणि वर्षा-दोन वर्षांतून कधी तिचा आवाज चढला की "दाबलेला मंगळ उसळला". दोन्हीकडून मंगळच. ताईला काय म्हणायचं होतं, हे विचारायची गरज कुणाला उरली नाही.

पत्रिकेतल्या या बाराव्या घराचा इतिहास मी पुढे बरीच वर्षं वाचत राहिले. एका घरावर, एका ग्रहाच्या जोरावर माणसाच्या धिटाईचा निकाल कसा लागू लागला, हे मला समजून घ्यायचं होतं.

आधी आकाश बघू. जन्माच्या क्षणी पूर्वक्षितिजावर जी रास उगवत असते ते लग्न. तिच्या आधीची, नुकतीच उगवून वर आलेली रास म्हणजे बारावं घर. म्हणजे व्ययातला मंगळ क्षितिजाच्या वरच असतो, उगवून त्याला फार तर तीन-चार तास झालेले असतात. रात्र असेल, आभाळ मोकळं असेल, तर पूर्वेकडे तो तांबूस ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. मग त्याला दडलेला का म्हणायचं?

याचं एक जुनं उत्तर दुसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियात सापडतं. टॉलेमीने 'टेट्राबिब्लोस'च्या तिसऱ्या भागात आयुर्मर्यादा कशी काढायची ते सांगितलं आहे. त्या हिशेबातून तो ही जागा वगळतो. जमिनीच्या ओलाव्यातून उठणारी दाट वाफ क्षितिजालगत साचते, त्यामुळे तिथले तारे खऱ्या रंगात आणि खऱ्या आकारात दिसत नाहीत, असं कारण तो देतो. पहाटे शेताच्या बांधावर उभं राहून पूर्वेकडे पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. ग्रह तिथेच असतो, मधे धुकं असतं. ग्रीक परंपरेत या घराला दुष्ट शक्तीचं घर म्हणत आणि शनीला ते आवडतं असं मानत. दुसरं कारण भूमितीचं होतं. लग्नापासून मोजलेल्या ठरावीक अंतरांवरच्या घरांनाच लग्न 'दिसतं', आणि बारावं घर त्या अंतरांत बसत नाही. शेजारी असूनही त्याची लग्नाशी नजरानजर नाही. दडलेपण आलं ते या दोन गोष्टींतून.

हे घर ग्रीकांकडून आपल्याकडे आलं, आणि याचे पुरावे आपल्याच शब्दांत आहेत. केंद्र, पणफर, आपोक्लिम, होरा हे सगळे मुळात ग्रीक. सहाव्या शतकातला वराहमिहिर 'बृहज्जातका'त ग्रहांची नावं देताना मंगळाला 'आर' म्हणतो, तो ग्रीकांचा एरिस. आपल्याकडचे लोक हे कबूल करायला कचरतात, पण शं. बा. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली मराठीत छापून आला तेव्हापासून मराठी वाचकाला हा विषय पुराव्यानिशी तपासता येतो. त्या एका पुस्तकाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

भारतात आल्यावर बाराव्या घराला व्यय म्हणू लागले. खर्च, हानी, बंधन, परदेश, शयनसुख, डावा डोळा, पाय आणि शेवटी मोक्ष, एवढा पसारा त्या घरात मावला. मंगळाच्या दृष्टीचे नियमही इथे वेगळे आहेत. मंगळ आपल्या जागेपासून चौथ्या, सातव्या आणि आठव्या घरावर पूर्ण दृष्टी टाकतो. व्ययात बसलेल्या मंगळाची आठवी दृष्टी पडते सप्तमावर, म्हणजे विवाहाच्या घरावर, आणि म्हणून बारावा मंगळ मंगळदोषाच्या यादीत गेला. पण त्याच मंगळाची चौथी दृष्टी पडते तृतीयावर, आणि तृतीय म्हणजे पराक्रमाचं घर. शास्त्राच्या स्वतःच्याच नियमाने व्ययातला मंगळ पराक्रमाकडे बघतो. ताईच्या पत्रिकेतल्या त्या दृष्टीबद्दल ओसरीवर कुणी अवाक्षर काढलं नाही. पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं अशी बारापैकी पाच घरं मंगळाची ठरवली की शंभरातल्या चाळिसाहून अधिक मुली मंगळाच्या निघतात. त्यातल्या कुणाला तापट म्हणायचं आणि कुणाला घुमी, ते समोर बसलेल्या मुलीकडे बघून ठरतं.

मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उलथापालथ वाटते ती मात्र गेल्या सव्वाशे वर्षांतली. त्याआधी, १६४७ साली लंडनमध्ये विल्यम लिलीने इंग्रजीत ज्योतिषाचा मोठा ग्रंथ छापला. त्यात बारावं घर होतं छुप्या शत्रूंचं, तुरुंगाचं, चेटक्यांचं. म्हणजे तिथला मंगळ वाईट खराच, पण घाव घालणारा कुणी दुसरा होता. पाठीमागून वार करणारा, कोठडीत टाकणारा, चहाडी सांगणारा. आपल्याकडच्या बंधन आणि हानी या फळांचाही रोख बाहेरच होता. पत्रिकेतल्या माणसावर अन्याय होऊ शकतो, एवढं तरी ते जुनं वाचन मान्य करत होतं.

मग अ‍ॅलन लिओ हा इंग्रज ज्योतिषी आला. भविष्य सांगण्याच्या आरोपावरून लंडनमध्ये त्याच्यावर खटले झाले. आपण घटना सांगत नाही, स्वभावाचा कल सांगतो, असा त्याचा बचाव होता. १९१७ साली तो बचाव टिकला नाही, दंड झाला आणि त्याच वर्षी तो वारला. पण त्याची वाट चालू राहिली. १९३६ साली डेन रुध्यारने युंगच्या मानसशास्त्राचा आधार घेऊन व्यक्तिमत्त्वाचं ज्योतिष मांडलं, आणि बारावं घर नेणिवेचं घर झालं. छुपा शत्रू आता बाहेर कुठे नव्हता, तो माणसाच्या आत जाऊन बसला. व्ययातला मंगळ म्हणजे दाबलेला राग, स्वतःसाठी उभं न राहता येणं, 'नाही' म्हणताना घशाशी अडकणं. आज मराठी दैनिकांतल्या राशिभविष्याच्या पानांपासून मोबाइलवरच्या पत्रिकांपर्यंत हीच भाषा फिरते. ऐकायला ती सहानुभूतीची वाटते. पण तिने केलं काय? कुणी तरी तुझं तोंड बंद केलं, हे म्हणण्याची सोयच काढून घेतली.

आणि नेमक्या याच जागेबद्दल विसाव्या शतकात अगदी उलटा दावा पुढे आला. मिशेल गोकलाँ हा फ्रेंच संशोधक नगरपालिकांच्या दप्तरांतून जन्मवेळा उतरवून घेत असे. फ्रान्समध्ये जन्माची नोंद करताना वेळही लिहितात, त्याचा त्याला उपयोग झाला. १९५५ साली त्याने लिहिलं की नामांकित खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ नुकताच उगवलेला, किंवा माथ्यावरून नुकताच कललेला, असं अपेक्षेहून जास्त वेळा आढळतं. साधारण १७ टक्के अपेक्षित, आढळले सुमारे २२ टक्के. नुकता उगवलेला मंगळ म्हणजे परंपरेचा बारावा मंगळ! गुरुजी ज्याला दबलेला म्हणत होते, तो गोकलाँच्या आकड्यांत मैदान मारणाऱ्यांचा मंगळ होता. पुढे तर त्याने चरित्रं चाळून लढाऊ, धाडसी, उत्साही असे स्वभावशब्दच या मंगळाशी जोडले.

त्यावर वीस-तीस वर्षं वाद झाले. अमेरिकेतल्या संशयवाद्यांनी ४०८ खेळाडूंच्या जन्मवेळा तपासल्या, तिथे प्रमाण १३.५ टक्के निघालं, पण खेळाडू निवडले कसे यावरून त्यांच्यातही भांडणं झाली. फ्रेंच समितीने १,०६६ खेळाडूंवर केलेली तपासणी १९९६ साली प्रसिद्ध झाली आणि त्यात हा परिणाम दिसला नाही. गोकलाँ १९९१ मध्येच गेला होता. त्याने आयुष्य मोजणीला वाहिलं, चूक ठरण्याची तयारी ठेवली, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे. त्याचे आकडे खरे मानले तरी शंभरात पाच जणांचा फरक एका मुलीच्या स्वभावाबद्दल काय सांगणार?

महाराष्ट्रातही अशी एक कसोटी झाली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० पत्रिका जमवल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. ५१ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पाठवल्या, पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखायचं होतं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. २००९ साली हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. बुद्धीसारखी इतकी ठळक गोष्ट जिथे पत्रिकेत सापडत नाही, तिथे गिळलेला राग बाराव्या घरात कसा दिसावा?

ताईचा राग मी पाहिला आहे, आणि त्याला तारीख आहे. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क दिला, तेव्हा तिचं लग्न झालं नव्हतं, म्हणजे कायद्याने तिचा वाटा होता. तीन वर्षांनी, लग्नाच्या आधी, तिला हक्कसोडपत्रावर सही करायला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं. मीही बरोबर गेले होते. लाकडी बाकावर ती दोन तास बसली, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून. अंगठ्यांची नखं पांढरी झाली होती. नाव पुकारलं तशी उठली, सही केली, अंगठा दिला आणि शाईचं बोट रुमालात गुंडाळून बाहेर आली. घरी आल्यावर आत्याच म्हणाली, "बघ, एक शब्द बोलली नाही. गुरुजी म्हणालेच होते."

गेल्या दिवाळीत, फराळाच्या करंज्या भरताना, मी तिला विचारलं, "ताई, तेव्हा तू काहीच का बोलली नाहीस गं?" तिने करंजीची कड दुमडत आणली, मुरड पूर्ण केली आणि मग म्हणाली, "अगं, मी बोलले होते. आदल्या रात्री आईला म्हणाले होते, मला सही नाही करायची. आई म्हणाली, तुझा मंगळ आधीच जड, आता भावांशीही वाकडं घेऊ नकोस."